मंडळीचं आमेन

पाळकाची बायको म्हणजे गरीब गाय, असं लोक समजतात. समजणाऱ्यांनी मला चिडलेली पाहिलेली नाही. मी शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे एरवी माझं बोलणं शुद्ध. पण डोकं फिरलं की अमरावतीची वऱ्हाडी तोंडातून बाहेर पडते, आणि मग समोर पाळक असो की बिशप, मी कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही. सांगताना ती मधूनमधून येईल. वाईट वाटून घेऊ नका.

माझं नाव पुष्पलता. माझे यजमान रेव्हरंड वसंत उमाप. नागपुरात सदरच्या मागच्या बाजूला आमचं दगडी चर्च आहे, मिशनच्या काळातलं, आणि त्याच कंपाउंडात पाळकाचा बंगला. पूर्वी सगळी मंडळी चर्चच्या आसपासच राहायची. पाळक संध्याकाळी फिरायला निघाला तरी चार घरांच्या भेटी होऊन जायच्या. आता कोणी हुडकेश्वरला फ्लॅट घेतला, कोणी कन्हानला राहिलं. एका घरी जायचं तर अर्धा दिवस जातो.

आमच्या चर्चची एक रीत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. आमच्याकडे पाळकानं केलेली प्रार्थना पाळकाच्या एकट्याची नसते. तो प्रार्थना करून थांबतो, आणि मंडळी मोठ्यानं आमेन म्हणते. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं चालत नाही. आमेन बारीक आलं तर जुने पाळक तीच प्रार्थना पुन्हा करायचे. माझे सासरेही पाळकच होते. ते म्हणायचे, “आमेन म्हणजे मंडळीचा अंगठा. अंगठा उमटला की अर्ज वर गेला. मग तो परत घ्यायलाही अंगठाच लागतो.”

ह्यांना तीनेक वर्षांपूर्वी लीडरशिपचं खूळ लागलं. गावोगावच्या पाळकांसाठी सेमिनार. पवित्र शास्त्रातून पुढारपणाचे धडे. मोशेनं काय केलं, नहेम्यानं भिंत कशी बांधली, यहोशवा कसा तयार झाला. पडद्यावर रंगीत चित्रं, हातात माईक, अंगात कोट. बोलतात छान, ते मी नाकारत नाही. रायपूर, जबलपूर, छिंदवाडा, सगळीकडून बोलावणी. एक अख्खा दिवस तर चांगल्या मेंढपाळाचे गुण ह्याच विषयावर असायचा. गुण सांगता सांगता मेंढरं राहिली बाजूला.

एकदा बॅग भरता भरता मी म्हटलंच, “लोकाइले मेंढरं कशी राखायची ते शिकवून राहिले तुम्ही, अन् घरची कोन राखून राहिलं?”

“पुष्पा, इथ्रोनं मोशेला काय सांगितलं?” हे अगदी शांतपणे म्हणाले. “सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांची गाऱ्हाणी ऐकत बसशील तर झिजून जाशील. माणसं नेम. काम वाटून दे. पुढाऱ्याचा पहिला धडा तोच आहे.”

“इथ्रो मोशेचा सासरा होता. माझा बाप जिवंत असता त त्यानंही तुम्हाले चार गोष्टी सांगितल्या असत्या.”

हे हसले आणि छिंदवाड्याला गेले.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या पहिल्या रविवारी ह्यांनी ह्याच इथ्रोवर उपदेश केला. उपदेश संपला, सगळ्यांनी डोळे मिटले, आणि हे प्रार्थनेत म्हणाले, “प्रभू, माझे पाय आता पुरत नाहीत. माझ्या वतीनं घरोघर जाईल असा कोणीतरी पाठव. माझ्या जागी त्याला उभं कर.” आणि थांबले.

मंडळी म्हणाली, “आमेन!” छताखालचे पारवे फडफडले. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. मी गाणारी बाई आहे, मला बारीक आवाजात काही म्हणता येत नाही.

ह्यांच्या मनात होतं की कमिटीतली दोन-चार तरुण माणसं पुढे येतील. कोणीच आलं नाही. निदान तेव्हा आम्हाला तसं वाटलं.

पुढच्या की त्याच्या पुढच्या रविवारी चर्चच्या दारात रामाजींनी ह्यांचे दोन्ही हात धरले. रामाजी म्हणजे आमच्या चर्चच्या कमिटीतले जुने पंच. त्यांच्या बायकोचं एक अंग अर्धांगानं गेलेलं, त्यामुळे ती घरीच असते.

“साहेब, बुधवारी तुमी आले, बुढीले किती बरं वाटलं म्हनून सांगू!” रामाजींचे डोळे भरले होते. “तिचे पाय चेपले तुमी. पाळकानं पाय चेपलेले मी माह्या जिंदगीत पाह्यले नोहते. पन चहाचा घोट बी नाही घेतला.”

बुधवारी हे रायपूरला होते. मीच स्टेशनवर डबा दिला होता. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी रामाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “प्रभूची कृपा, रामाजी.”

घरी येईपर्यंत मी दम धरला. आल्या आल्या विचारलं, “तुम्ही त रायपूरले होते ना?”

“म्हाताऱ्याचा गोंधळ झाला असेल. कमिटीतलं कोणी गेलं असेल.”

“मग तसं सांगितलं काहून नाही?”

“त्यांना आनंद झाला होता, पुष्पा. तो कशाला मोडायचा?”

चहाचं मात्र मनातून जाईना. माझा नवरा कुणाच्या घरचा चहा सोडत नाही. शुगर आहे, डॉक्टर ओरडतात, तरी बशीत ओतून फुर्र फुर्र करून पितो. चहा नको म्हणणारा वसंत उमाप मी लग्नापासून पाहिला नव्हता.

मग एक दिवस हुडकेश्वरहून रितिका आली. बँकेत नोकरी करणारी, हुशार पोरगी. नाताळच्या आधी तिचं बाळ जन्मून चार दिवसांत गेलं होतं. हे तेव्हा जबलपूरला होते. आल्यावर जातो, जातो म्हणत राहूनच गेलं. तिला दारात पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 

तिनं मात्र माझ्या गळ्यात हात टाकले. “मॅडम, सरांना थँक यू सांगायला आले. सगळे आले होते. देवानं दिलं, देवानं नेलं, असं म्हणून गेले. सर काहीच बोलले नाहीत. नुसते बसून होते. मग म्हणाले, बाळाचं नाव काय ठेवलं होतं? मॅडम, नाव ठेवलं होतं हे आम्ही दोघांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.”

“काय ठेवलं होतं गं?” माझ्या तोंडून निघालं.

ती जराशी हसली. “सरांना सांगितलंय.”

तिनं मोबाईलवर फोटो दाखवला. तिच्या सोफ्यावर हे बसलेले. तेच टक्कल, तोच चष्मा, शर्टाच्या खिशावर शाईचा तोच डाग. मांडीवर प्रभूभोजनाची पेटी. जे आजारी असतात, ज्यांना चर्चला येता येत नाही, त्यांच्यासाठी भाकर आणि द्राक्षरस घरी नेतात, ती लाकडी पेटी. सासऱ्यांची आहे. फोटोवर तारीख होती, वेळ होती. त्या दुपारी हे अमरावतीच्या स्टेजवर होते. मला पक्कं आठवत होतं, कारण मी मेथी निवडत मोबाईलवर लाईव्ह बघत होते, आणि मध्येच ह्यांचा माईक बंद पडला तेव्हा एकटीच हसले होते.

रितिका गेल्यावर मी स्टूल ओढलं. गुडघा ओरडत होता, तरी चढले. पेटी कपाटावर असते. वर्षभर कोणी हात लावलेला नाही, तर बोटभर धूळ हवी. धूळ नव्हती. पेटी उघडली. आतले काचेचे छोटे पेले ओले होते, आत्ताच कोणीतरी विसळून ठेवल्यासारखे. द्राक्षरस मी घरीच करते, फ्रिजमध्ये बाटली असते. बाटली पाहिली, तर रस खाली गेलेला. मी कंपाउंडात जाऊन लिंबाखाली उभी राहिले आणि हे येईपर्यंत घरात गेले नाही.

ह्यांना सगळं सांगितलं. आधी ह्यांचा चेहरा पांढरा पडला. आणि मग काय झालं असेल? हे खूश झाले!

“पुष्पा, प्रार्थना ऐकली गेली! आपण मागितलं, मिळालं. अगं, हीच तर लीडरशिप!”

“कोन आहे तो?”

“देवदूत असेल.”

“देवदूताले तुमचा तोंडवळा काहून लागते?”

पुढच्याच सेमिनारमध्ये हे माईकवर सांगू लागले, “मी इथे उभा आहे, आणि ह्याच क्षणी माझ्या मंडळीत घरभेटी चालू आहेत. मी नसलो तरी काम थांबत नाही. ह्याला म्हणतात व्यवस्था.” टाळ्या पडल्या. मी मोबाईल पलंगावर आपटला. घरी आल्यावर म्हटलं, “लाज वाटू द्या थोडी! दुसऱ्यानं रांधलं अन् तुम्ही आपलं म्हनून वाढून राहिले!” ह्यांनी कोट काढला आणि जेवायला बसले.

एप्रिल लागला. चर्चमध्ये एक गोष्ट सगळ्यात आधी माझ्या ध्यानात आली. हे उपदेश करत असले की लोक ह्यांच्याकडे बघेनात. मान वळवून मागे, दाराकडे बघायचे. दाराजवळचा शेवटचा बाक कोणी घेत नव्हतं. पोरंही तिथे बसत नव्हती. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं, पण तो बाक आपोआप रिकामा राहायचा, जेवायला पाहुणा यायचा असला की पाट रिकामा ठेवतात तसा. ह्यांनाही ते दिसत होतं. मधेच वाक्य विसरायला लागले, जे कधी झालं नव्हतं.

आणि मग एका दुपारी तो माझ्याकडे आला.

हे छिंदवाड्याला गेलेले. नागपूरची एप्रिलची दुपार तुम्हाला माहीतच आहे, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. मी दाराला आतून कडी घातली होती. कूलर चालू होता. मी पलंगावर पाय लांब करून गुडघ्याला तेल लावत होते.

“पुष्पा, डावा आज जास्त दुखतोय ना?”

“हो ना, सकाळपासून ठणकतोय मेला,” मी म्हटलं. वर बघितलंसुद्धा नाही.

आणि मग हात थांबला. माझ्या नवऱ्यानं माझ्या गुडघ्याची कधी चौकशी केली नव्हती. दुखतो हे माहीत होतं, कारण मी चालताना आई गं म्हणते. पण कोणता दुखतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

समोर वेताच्या खुर्चीत हे बसले होते. म्हणजे हे नाही. पण हेच. पेटी मांडीवर.

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? ओरडायचं होतं, पण तोंडातून निघालं ते घरातल्या बाईचंच, “चहा ठेवू?”

“नको. बस तू.”

मी बसले. तो नुसता माझ्याकडे बघत होता. कौतुकानं नाही, दयेनं नाही. ऐकणारा माणूस बघतो तसा. आणि मी बोलायला लागले. काय काय बोलले! आम्हाला मूल झालं नाही त्याचं बोलले. नाताळला सगळ्यांची पोरं झाडाभोवती नाचतात तेव्हा मी केक कापायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाते, ते बोलले. घरात दोन माणसं असून मी एकटीनं जेवते, ते बोलले. रडले, नाक पुसलं, पुन्हा बोलले. त्यानं एकदाही मधे तोंड घातलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. हे होते, छिंदवाड्याहून. “पुष्पा, माझी निळी फाईल टेबलावर राहिली का बघ गं.”

मी मान वर केली. खुर्ची रिकामी होती. दाराची कडी आतून तशीच. वेत मात्र हळूहळू वर येत कुरकुरत होता, माणूस उठल्यावर येतो तसा.

पण मला खरी भीती कधी वाटली, सांगू? दुसऱ्या दिवशी दुपारी मी वेणी घातली, धुतलेलं लुगडं नेसले आणि ती खुर्ची कूलरसमोर ओढून ठेवली. ठेवली आणि तिच्याकडे बघत उभी राहिले, तेव्हा माझी मलाच भीती वाटली. मी वाट पाहत होते. नवऱ्याची नाही, त्याची. असंच चाललं असतं तर माझा नवरा जिवंत असताना मी त्याला घालवून बसले असते. मंडळीनं तर घालवलाच होता. मी खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात नेऊन टाकली.

त्याच आठवड्यात कन्हानहून उन्नतीचा फोन आला. उन्नती म्हणजे जिजाबाईची सून. जिजाबाईचा नवरा कोळशाच्या खाणीत होता, तो गेल्यापासून ती आणि सून दोघीच. आम्ही नवे नवे ह्या चर्चला आलो तेव्हा पहिल्या दिवशी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी घेऊन आली ती हीच बाई.

“मॅडम, आई दोन दिसापासून काही खाऊन नाही राहिली,” उन्नती म्हणाली. “प्रभूभोजन पाहिजे म्हनते. पाळकसाहेबाईले पाठवता का?”

हे कोट चढवून सदरच्या एका हॉलमध्ये मीटिंगला निघाले होते. मी हातातली बॅग काढून घेतली. “आज तुम्ही जाल. तुमच्या सोताच्या पायानं. नाही त मी माहेरी चालली.”

“माहेरी कोण आहे आता तुझं?”

“कोनी नसलं तरी जाईन!”

माझा आवाज ऐकून ह्यांनी कोट काढला. मी पेटी काढून दिली आणि स्कूटरवर मागे बसले.

जिजाबाई खाटेवर होती. हाडांची मोळी झालेली, पण डोळे लख्ख. ह्यांनी पेटी उघडली, भाकरीचा तुकडा हातात घेतला आणि प्रभूभोजनाची वचनं म्हटली. एक शब्द चुकला नाही. मग वाकून तुकडा तिच्या ओठांजवळ नेला.

जिजाबाईनं ओठ मिटून घेतले. ह्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग सुनेला विचारलं, “कोन व्हय वं हा?”

“आई, असं काय करता? पाळकसाहेब व्हय ना,” उन्नती ओशाळून म्हणाली.

“मुंडकं त्याचंच हाय. पन हा तो नोहे.” तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच वाईट होतं. “तो येते त मले डोये झाकून समजते. हा कोनी मोठा मानूस दिसते. याले चहा दे वं, अन् जाऊ दे.”

आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

मेंढरं आपल्या मेंढपाळाचा आवाज ओळखतात, परक्याच्या मागे जात नाहीत, हे सेमिनारमध्ये ह्यांचं सर्वांत गाजलेलं चित्र होतं. हिरवं कुरण, पांढरी मेंढरं, खाली मोठी अक्षरं. त्या चित्रातला परका आपण असू, हे ह्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. भाकरीचा तुकडा ह्यांच्या बोटांत तसाच राहिला. उन्नतीनं चहा आणला. ह्यांनी घेतला नाही.

येताना कन्हानच्या पुलावर ह्यांनी स्कूटर थांबवली. “पुष्पा, मी हिच्या घरी शेवटचा कधी आलो होतो?”

“तिचा नवरा गेला तेव्हा. तेव्हाही तुमची बाहेर टॅक्सी उभी होती.”

हे पुलाच्या कठड्याला टेकून रडले. ट्रकवाले बघत जात होते. रडताना माझा नवरा चांगला दिसत नाही, तोंड वाकडं होतं. मी पदर दिला. मला राग धरायचा होता, पण धरता येईना.

“तो सगळं करतो आता,” हे म्हणाले. “माझ्यापेक्षा चांगलं करतो. मी काय करू?”

“मागून घेतलं होतं ना? आता परत द्या म्हणा. जसं मागितलं तसंच, सगळ्यांसमोर.”

रविवारी हे उपदेशपीठावर चढलेच नाहीत. खाली, बाकांसमोर उभे राहिले. कोट नाही, शाईच्या डागाचा शर्ट. उपदेश केला नाही. रायपूरला होतो तेव्हा रामाजींकडे मी गेलो नव्हतो, हुडकेश्वरलाही गेलो नव्हतो, आभार मात्र घेतले, असं सरळ सांगितलं. कोणाला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. त्यांना केव्हाचंच माहीत होतं. आमचीच समजूत होती की कळलं नसेल. मग हे डोळे मिटून म्हणाले, “प्रभू, मी माझं काम टाकून दिलं आणि तू ते दुसऱ्याच्या हाती दिलंस. ते मला परत दे. त्याला माघारी बोलाव. मी चुकतमाकत जाईन, पण मीच जाईन.”

आणि थांबले.

कोणी आमेन म्हटलं नाही.

वर पंखे फिरत होते, तेवढाच आवाज. मी डोळे उघडले. रामाजी आपल्या चपलांकडे बघत होते. रितिका खिडकीकडे. वाईट माणसं नाहीत हो ती. ज्याच्या बायकोचे पाय कोणी चेपले, जिच्या बाळाचं नाव कोणी विचारलं, त्यांनी त्याला जा कसं म्हणायचं? आणि कशासाठी? ह्या माणसासाठी, ज्याची निळी फाईल सारखी टेबलावर राहते?

माझंही तोंड उघडेना. त्या दुपारी मी जे बोलले ते आयुष्यात दुसऱ्या कोणाशी बोलले नव्हते. आमेन म्हटलं तर ती खुर्ची कायमची रिकामी.

हे तसेच उभे. डोळे मिटलेले, कपाळावरून घाम चष्म्याच्या काचेवर उतरत होता, पुसत नव्हते. वाट पाहत होते. जन्मभर बोलत आलेला माणूस पहिल्यांदा गप्प राहून वाट पाहत होता. मला एकदम भरून आलं. शुगर असून बशीत चहा ओतणारा, रडताना तोंड वाकडं करणारा हा माझा माणूस. दुसरा कितीही चांगला असला तरी तो माझा नव्हता.

“आमेन,” मी म्हटलं. गाणाऱ्या बाईचा आवाज, पण चिरका निघाला. एकटाच घुमला आणि विरला. एका अंगठ्यानं अर्ज होत नाही.

आणि मग मागून आवाज आला, “आमेन.”

ह्यांचाच आवाज. शांत, स्वच्छ. मी ह्यांच्याकडे बघत होते, ह्यांचे ओठ मिटलेले होते. आवाज दाराजवळच्या शेवटच्या बाकावरून आला होता.

सगळ्या माना वळल्या. बाकावर कोणी नव्हतं. प्रभूभोजनाची पेटी मात्र तिथे होती. सकाळी मी ती कपाटावर ठेवून आले होते, आणि घराला कुलूप होतं.

रितिकाला हुंदका आला. हुंदक्यातच ती म्हणाली, “आमेन.” मग रामाजी. मग एकेक बाक करत सगळी मंडळी. हे चालत मागे गेले आणि दोन्ही हातांनी पेटी उचलली. लहान पोराला पहिल्यांदा उचलतात तशी.

दुसऱ्या दिवसापासून हे रोज कन्हानला जायला लागले. जिजाबाई तोंड उघडेना. हे बसायचे आणि यायचे. पहिल्या दिवशी उन्नतीचा फोन, “मॅडम, साहेब लय बोलतात जी, आईचं डोकं दुखते.” मग बोलणं कमी झालं म्हणे. रामाजींकडे गेले, तिथे पाय चेपता चेपता बुढीच्या पायात कळ आणून आले. हुडकेश्वरला पत्ता चुकून भलत्याच्याच घरी प्रार्थना केली. मी कपाळाला हात लावला.

एका संध्याकाळी हे उशिरा आले, डोळे लाल. मी व्हरांड्यात बसले होते. जिजाबाई गेली, एवढंच म्हणाले.

“प्रभूभोजन घेतलं का तिनं?” मी विचारलं.

“घेतलं. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘तू बी चालशीन गा.’” ह्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

मग हे त्या वेताच्या खुर्चीत बसले. अंधार पडत होता, चेहरा नीट दिसत नव्हता. पेटी मांडीवर. नुसते माझ्याकडे बघत होते. ती दुपार, ती खुर्ची, ते बघणं. सगळं तेच.

“पुष्पा,” तोच शांत आवाज आला. “उजवा गुडघा कसा आहे वं?”

“डावा!” मी ओरडले. “डावा दुखते माहा, उजवा नाही! इतक्या वर्षांत तेवढं बी ध्यानात नाही राह्यलं तुमच्या?” आणि मला जे रडू फुटलं ते थांबेना. हे घाबरून उठले, पेटी कुठे ठेवावी कळेना, सॉरी सॉरी म्हणत राहिले. मी डोळे पुसत, लंगडत आत गेले आणि चहा ठेवला. साखर घालून.